वेल्सची जत्रा आणि आपली कानबाई

वेल्स म्हणजे इंग्लंडच ना, असं गावाकडे सगळेच विचारतात. तर नाही, आणि इथे कुणाला असं बोललात तर तो तुमच्याशी दिवसभर भांडेल. यांची वेल्श भाषा वेगळी आहे, २०२१ च्या जनगणनेत ती येणारे निघाले फक्त १७.८ टक्के. आपली खानदेशातली अहिराणी बोलणारे यांच्यापेक्षा कितीतरी जास्त. पण हे लोक दर ऑगस्टमध्ये आठवडाभर आयस्तेदवॉद नावाची कविता-गाण्यांची जत्रा भरवतात, एक वर्ष उत्तरेत एक वर्ष दक्षिणेत. २०२५ ला उत्तरेतल्या रेक्सम शहरात होतं, २ ते ९ ऑगस्ट, आणि नेमकी ३ तारखेच्या रविवारी आपली कानबाई, खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात ती देवी. आईने व्हिडिओ कॉलवर नथ घातलेला नारळ दाखवला, मागे केळीचे खांब, आणि म्हणाली, "बठ्ठा ई ग्यात, तू मातर नही उना. तुन्ही मूठ बी टाकेल शे." म्हणजे सगळे आले, तू मात्र आला नाहीस, तुझी मूठही टाकलीय. रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या, गव्हात माणशी सव्वा मूठ असते ना, ती.

सोमवारी मी रेक्समला गेलो. स्टेजवर सगळं वेल्शमध्येच, १९५० पासूनचा नियम आहे, समजत नसेल तर भाषांतराचे हेडफोन लावा. हार्पवर एक चाल चाललीय आणि पोरं कविता दुसऱ्याच चालीत गातायत तरी शेवटी दोन्ही बरोबर एका जागी येतात, मी तर तोंड उघडं टाकून बघत होतो. मग जिंकलेल्या कवीला मुकुट घालायचा कार्यक्रम. कवींनी टोपणनावाने कविता पाठवलेल्या असतात, परीक्षक आधी सगळ्यांसमोर कवितांची चिरफाड करतात, मग तुतारी वाजते आणि जिंकलेला माणूस प्रेक्षकांतून उठून उभा राहतो! कविता त्या तोडीची नसेल तर त्या वर्षी कोणालाच काही नाही. पुढे झगे घातलेली मंडळी, अर्धी म्यानाबाहेर काढलेली तलवार, "शांती आहे का?" असं तीनदा विचारणं. हा थाट मात्र फार जुना नाही बरं का, इयोलो मोर्गानुग नावाच्या कवीने १७९२ मध्ये चक्क लंडनमध्ये सुरू केलेला.

आणि आपल्याकडे? मागे जिल्ह्याच्या गावी एक लोककला महोत्सव बघितला होता. निवेदन शुद्ध मराठीत, सत्कारांना दीड तास, आणि डफ घेऊन ताटकळलेल्या वहीवाल्या (वही म्हणजे आपली डफावरची गाणी) म्हाताऱ्यांना शेवटी सांगितलं, बाबा जरा आवरतं घ्या. गुलाबाईची, म्हणजे पोरींच्या सणाची, गाणी म्हणणाऱ्या पोरी तर फक्त फोटोपुरत्या. लोककला म्हणजे म्युझियममधली वस्तू, अशी आपली समजूत झालीय. इथे वेल्समध्ये सगळ्यात मोठा मान नव्या कवितेला.

पण खरं सांगू का, कानबाईला स्टेज लागतच नाही. तिथे बघे कोण आणि करणारे कोण, सगळी भाऊबंदकीच असते, पुण्या-सुरतेहून आलेली, एकमेकांशी वर्षभर न बोलणारी सुद्धा. रोट तेवढ्यांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. हे रेक्समच्या तिकीट काढून बघायच्या जत्रेत कुठून येणार.

तरी माझं म्हणणं एवढंच की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरच्या गाण्यांची एक स्पर्धा ठेवा कुणीतरी. निवेदन, परीक्षण, सूचना सगळं अहिराणीत, गाणं यंदाचं नवीन पाहिजे, सत्कार बंद. बक्षिसाचे पैसे मी पाठवतो, फक्त पाहुणा म्हणून मला बोलवू नका.