बांधावर मशीनगन टेकवताना

दुसऱ्या महायुद्धावरील एका शूटर गेमच्या छोट्या संघात मी गेमप्ले प्रोग्रामर म्हणून काम करतो. आम्ही इटलीतील सेनिओ नदीचा नकाशा उभा केला, तेव्हा मशीनगन टेकवण्याची आमची जुनी पद्धत किती तोकडी आहे हे मला पहिल्यांदा नीट दिसले. ९ एप्रिल १९४५ रोजी सुरू झालेल्या या नदीवरील हल्ल्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सहकाऱ्यांना वाचवून पूर्वेकडील पूरबांधावरची जर्मन मशीनगन ठाणी एकट्याने निकामी केली आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. तेथील लढाई उतारांची आणि बांधांच्या माथ्यांची होती. आमच्या खेळात मात्र मशीनगन टेकत असे ती केवळ वाळूच्या पोत्यांवर आणि खिडक्यांच्या चौकटींवर.

याचे कारण असे की, नकाशा रचणाऱ्या लेव्हल डिझायनरने जेथे अदृश्य चौकोन ठेवला असेल तेथेच बायपॉड, म्हणजे नळीखालचा दोन पायांचा आधार, उघडत असे. खेळाडू बांधाच्या माथ्यावर आडवा पडून पुन्हा पुन्हा कळ दाबत राही, काहीच घडत नसे आणि का घडत नाही हेही त्याला कळत नसे. सुरुवातीला मी बांधावर तसेच चौकोन पेरण्याचा मार्ग धरला, परंतु उताराची उंची थोडी बदलली की सगळे चौकोन हवेत तरंगू लागत किंवा मातीत गाडले जात, म्हणून आठवडाभरात तो मार्ग सोडून दिला.

त्यानंतर जमिनीलाच विचारायचे ठरवले. खेळाडूच्या पुढ्यात, बायपॉडचे पाय जेथे येतील त्या दोन बिंदूंवर वरून खाली ट्रेस, म्हणजे पृष्ठभाग कोठे लागतो हे शोधणारी अदृश्य रेषा, टाकायचा, दोन्ही पायांना आधार मिळतो का, त्यांच्या उंचीतील फरक पेलण्याजोगा आहे का आणि नळीसमोर अडथळा नाही ना, हे तपासायचे. पाया इतका साधा असला तरी पहिल्याच चाचणीत टेकवण्याची खूण पडद्यावर लुकलुकू लागली, कारण श्वासाच्या अ‍ॅनिमेशनमुळे मोजमाप मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे होत होते. टेकवण्यासाठी कडक मर्यादा आणि टेकलेली मशीनगन सुटण्यासाठी सैल मर्यादा, अशा दोन वेगळ्या मर्यादा ठेवल्यावर ते थांबले. नकार मिळाला तर ‘जागा उंच आहे’ किंवा ‘समोर अडथळा आहे’ असे कारणही आम्ही दाखवू लागलो. मला स्वतःला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर खेळाडू कळ बडवण्याऐवजी जागा शोधू लागले.

खरा वेळ गेला तो मशीनगन कशाभोवती फिरते या प्रश्नात. जुन्या कोडमध्ये ती खेळाडूच्या डोळ्याभोवती फिरत असे, त्यामुळे बायपॉडचे पाय पोत्यावरून घसरत जात. प्रत्यक्षात पाय रोवलेले राहतात आणि गनरचे शरीर त्यांच्याभोवती सरकते. एमजी ४२ या जर्मन मशीनगनची लांबी सुमारे १.२२ मीटर आहे. बायपॉड नळीच्या टोकाजवळ असताना ती ३० अंश वळवली, तर दस्ता जवळजवळ अर्धा मीटर बाजूला जातो. म्हणजे अरुंद खंदकात किंवा खिडकीलगतच्या भिंतीशी गनरचा खांदा आधी अडतो, नळी नंतर. म्हणून दोन्ही बाजूंना ठरावीक ४५ अंश देणे आम्ही बंद केले आणि शरीराला सरकायला जागा असेल तेवढेच वळण मिळेल अशी व्यवस्था केली. याच मशीनगनचा बायपॉड पुढच्या टोकाशी किंवा मागे, काडतुसांचा पट्टा जेथे भरतात त्याच्या जवळ बसवता येत असे; पुढे बसवल्यास स्थिरता अधिक, मागे बसवल्यास वळण अधिक. ही निवड खेळाडूच्या हाती देताच अरुंद जागांची तक्रार बरीचशी मिटली. ब्रेन गन या ब्रिटिश हलक्या मशीनगनच्या बाबतीत हे करण्याची गरज नव्हती, मात्र तिचे मॅगझिन वरून बसते आणि त्यामुळे नेमदर्शके डावीकडे सरकवलेली असतात, म्हणून कॅमेऱ्याची जागा तिच्यासाठी वेगळी मोजावी लागली.

बांधावरचा सर्वांत हट्टी दोष याहून वेगळा होता. मागच्या उतारावर आडवे पडून माथ्यावर बायपॉड टेकवला की नळी आकाशाकडे पाहत राही आणि समोरच्या नदीपात्रात गोळी घालताच येत नसे. दोन आठवडे मी अ‍ॅनिमेशनवर संशय घेत होतो. शेवटी कळले की वर-खाली वळण्याची मर्यादा आम्ही शरीराच्या कलापासून मोजत होतो आणि उतारावर शरीरच मागे कललेले असल्याने ती मर्यादाही त्याच्याबरोबर वर उचलली जात होती. ती बायपॉडच्या पायांखालील पृष्ठभागापासून मोजू लागताच पात्र, पलीकडचा काठ आणि त्यावरील झुडपे दिसू लागली.

ऑनलाइन खेळासाठी टेकवण्याचा निर्णय खेळाडूच्या संगणकावर तत्काळ होतो आणि सर्व्हर तो थोडी ढील देऊन पडताळतो; ढील कमी ठेवली तेव्हा मंद जोडणी असलेल्यांची मशीनगन टेकून लगेच उचकटत होती.

अखेरच्या चाचणीत माझ्या एका सहकाऱ्याने एमजी ४२ घेऊन पूर्व बांधाचा माथा धरला. मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्यांच्या वेगामुळे नळी तापली, ती बदलण्यासाठी तो मागे सरकला, आणि दुसऱ्या वेळी तो जुन्या जागी परतलाच नाही. दहा पावले डावीकडे, जेथे माथा किंचित खचला आहे, तेथे त्याने मशीनगन टेकवली. त्या जागेवर आम्ही कोणीही, कधीही, एकही चौकोन ठेवलेला नव्हता.