तुम्ही विचारलंत म्हणून: "कळलं कधी?"

"तुला पहिल्यांदा कळलं कधी?" आणि "मग आता वाढलाय का?" मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावरच उलटते तो आजार) आहे म्हटलं की हे दोन प्रश्न येतातच, आणि गेली नऊ वर्षं मी "डोळ्यापासून सुरू झालं, आता बरी आहे" असं एका दमात सांगून सुटतेय. आज नीट सांगते, परत विचारू नका. (विचाराल, माहितीय.)

डोळ्यापासून सुरू झालं हे खोटं आहे. म्हणजे कागदावर खरं आहे. त्याच्या दोन वर्षं आधी माझा उजवा पाय तळव्यापासून मांडीपर्यंत बधिर झाला होता, जाड मोजा घातल्यासारखा, चप्पल निसटली तरी कळायचं नाही. तीन आठवडे. मग आपोआप गेला. आपोआप जातं त्याला आजार कोण म्हणतं? बसून बसून नस दबली असेल असं मीच ठरवून टाकलं, आणि माझ्या जागी कोणीही हेच ठरवलं असतं, कारण मुंग्या-बधिरपणामागे बहुतेक वेळा दबलेली नस नाहीतर बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता असलंच काहीतरी निघतं. फक्त ते तासा-दोन तासांत जात नाही, दिवसच्या दिवस राहतं आणि वर चढत जातं, तेव्हा दाखवायचं असतं. हे आता माहितीय.

मग डोळा. डावा. बाजूला बघितलं की आत खोल दुखायचं, मी स्क्रीनला शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी सगळं धुरकट दिसायला लागलं तेव्हा टेबलावरच्या पेनाचं लाल टोपण उगाच एकेक डोळा झाकून बघितलं. उजव्या डोळ्याला लाल. डाव्याला तेच टोपण वर्षभर उन्हात पडलेल्या प्लास्टिकच्या बादलीसारखं, विटलेलं. दहा वेळा तरी झाक-उघड केली असेन, उगाच, जणू अकराव्या वेळी लाल दिसणार होतं.

डॉक्टरांनी टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवला. डाव्यावर उजेड आला की बाहुली आकसायच्या ऐवजी मोठी होत होती. म्हणाले, डोळ्यात काही नाही, मागची नस सुजलीय. आणि मग सहज विचारल्यासारखं, "याआधी कधी हातापायाला बधिरपणा, मुंग्या, तोल जाणं?"

मी म्हणाले, "नाही."

ताई शेजारीच बसली होती. "अगं, तो पाय?" मी तिच्याकडे असं काही बघितलं की ती गप्प झाली. डॉक्टरांनी दोघींकडे बघितलं आणि लिहिलं, नाही.

विसरले होते असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. विसरले नव्हते. पाय इतका स्वच्छ आठवला की घशाला कोरड पडली. नुसता डोळा असेल तर ती डोळ्याची गोष्ट, पाय जोडला की माझी होते, एवढं न शिकताही कळलं होतं. आणि उपयोग शून्य, कारण एमआरआयमध्ये मेंदूत आणि मानेच्या मज्जारज्जूत पांढरे डाग निघाले, कॉन्ट्रास्ट (फोटोत डाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध) टोचल्यावर काही चमकले, काही नाही. चमकतात ते ताजे, बाकीचे जुने. एकाच फोटोत दोन तारखा. मी नाही म्हणून काय होणार.

स्टिरॉइडची सलाइन लागली, लाल बराचसा परत आला. सगळा नाही.

आता "वाढलाय का". सुरुवातीला शंभरातल्या साधारण ८५ जणांचा एमएस येतो-जातो असाच असतो, रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, येतो, ओसरतो, आणि मधल्या काळात तुम्हाला मी ठणठणीत दिसते. औषधं नवे रिलॅप्स बरेच थोपवतात, झालेलं नुकसान भरून देत नाहीत. माझ्या एमआरआयवर पाच वर्षं नवा डाग नाही, रिपोर्टवर स्टेबल लिहिलंय, आणि तरी त्याच उजव्या पायाचा चवडा थोडं चाललं की जमिनीला घासायला लागतो. रिलॅप्सशिवायही हळूहळू झिजतं म्हणे. मग वाढलाय का? रिपोर्ट खोटा नाही, पायही खोटा नाही. गरम पाण्यानं अंघोळ केली तर डावा डोळा तासभर धुरकटतो आणि अंग थंड झालं की पूर्ववत, तर तेव्हाही आजार वाढलेला नसतो. (एमआरआय नव्हते तेव्हा एमएसचा संशय असलेल्याला गरम पाण्यात बसवूनही बघायचे, नशीब माझं.)

पायाचं तेव्हाच दाखवलं असतं तर दोन वर्षं आधी औषध सुरू झालं असतं. ताई हे बोलत नाही, मी रात्री बोलते. कधी त्या वेळच्या मला झापते, कधी तिची बाजू घेते, की बाई, बरा झालेला पाय घेऊन तू कुणाकडे गेली असतीस?

परवा तपासणीत विचारलं, न थांबता किती चालता? पाचशे मीटर, म्हणाले. तीनशेला थांबते मी. ताई बाहेर गाडी लावत होती.