डीनच्या शंकेची गोष्ट

अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणाच्या (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) कागदपत्रांत माझं मन अडकतं ते १५ एप्रिल १९७३ च्या रात्री. व्हाइट हाउसचा वकील जॉन डीन तेव्हा सरकारी वकिलांशी बोलायला लागला होता. राष्ट्राध्यक्ष निक्सनना ते त्याच दुपारी कळलं होतं. तरी दोघं समोरासमोर बसून गप्पा मारतात!

डीनच्या लक्षात आलं, की साहेब आज उत्तर ठरवूनच प्रश्न विचारताहेत. मधेच निक्सन उठून कोपऱ्यात गेले आणि हळू आवाजात म्हणाले, घरफोडीच्या कटातल्या हंटच्या माफीबद्दल माझा सल्लागार कोल्सनशी बोललो हा माझा मूर्खपणाच झाला. कोपऱ्यात का? इथे कुठेतरी टेप चालू असावा, अशी शंका डीनला आली. जूनमध्ये सिनेटच्या चौकशी समितीसमोर त्याने ती बोलूनही दाखवली. १६ जुलैला निक्सनच्या माजी सहायक बटरफिल्डने सांगितलं, की टेप खरंच होते.

आमच्या तालुक्यातले पुढारी फोन बाहेर ठेवायला लावतात, तेव्हा मला हसू येतं. डीनला मी साधू मानत नाही. प्रकरण दडपण्यात तोही होता. पण त्या रात्री जास्त खोटं कोण वागलं, हे मला अजून ठरवता येत नाही. शिवाय त्या भेटीचं रेकॉर्डिंगच नाही. यंत्रातली टेप संपली होती, असं व्हाइट हाउसने कळवलं.