पुन्हा आलंच का लावता, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"वहिनी, तीन वेळा आल्याचं रान सडलं. तरी यंदा परत आलंच लावणार?"

हा प्रश्न मला कोरेगावच्या बाजारात विचारतात, साताऱ्याच्या एसटीत विचारतात, परवा पुतणीच्या साखरपुड्यात पंगत बसलेली असताना विचारला. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, "आणि लावायचंच तर पाचच गुंठे कशाला?" विचारणारी माणसं आपली आहेत, काळजीपोटी विचारतात. उभ्या उभ्या हसून विषय बदलणं मला बरं वाटत नाही. म्हणून नीट बसून सांगते.

साताऱ्याचं आलं काय चीज आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे आल्याचा भाव किलोवर नाही, गाडीवर बोलतात, आणि एक गाडी म्हणजे ५०० किलो. आल्याच्या पैशावर स्लॅब पडलेली घरं आमच्या गावात बोटानं दाखवता येतात. आल्यानं सोसायटीच्या कर्जात घातलेली घरंही तशीच दाखवता येतात, आणि आमचं त्यातलं एक आहे. कर्ज आता फिटत आलंय. पण ती तीन वर्षं मी विसरलेले नाही आणि विसरायचीही नाहीत, कारण यंदाचं सगळं नियोजन त्यांच्यावरच उभं आहे.

पहिलं रान २०१९ चं. ओढ्याकाठची वीस गुंठ्याची काळी जमीन, आमच्या घरातली सगळ्यात कसदार म्हणून मुद्दाम आल्याला दिली. गादीवाफे, म्हणजे पाणी निथळून जाणारे उंच सपाट वाफे, काढले नाहीत, नेहमीच्या सरी-वरंब्यावरच लावलं. त्या ऑगस्टचा पाऊस कृष्णाकाठ विसरणार नाही. आमच्या रानात पुराचं पाणी शिरलं नव्हतं, पावसाचंच दोन दिवस सरीत तुंबून राहिलं होतं. मग खालच्या बाजूच्या झाडांची बुडाकडची पानं शेंड्यापासून पिवळी पडायला लागली. खोडाला धरून जरा ओढलं तर खोड अलगद हातात यायचं, आणि खाली गड्ड्याचा नुसता लगदा. तो वास ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. परतीच्या पावसानं उरलेलं संपवलं.

दुसरं २०२१ चं. या वेळी शहाणपण आलं होतं. रान निचऱ्याचं निवडलं, फूटभर उंच गादीवाफे केले, ठिबक टाकलं. ऑगस्टपर्यंत आल्याचं पीक असं दिसत होतं की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा. एके दिवशी दुपारी काही झाडांची पानं सुरळी झाल्यासारखी आत वळलेली दिसली. पिवळी नव्हती, हिरवीच होती. संध्याकाळी वाटलं सावरली. चार दिवसांत मान टाकली. मला वाटलं तीच जुनी कूज, म्हणून बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे ते पाण्यात कालवून झाडांच्या बुडाशी ओतलं. थांबलं नाही म्हणून पुन्हा केली, मग तिसऱ्यांदा. पैसे पाण्यात जात होते आणि रोग वाफ्याच्या उताराउतारानं पुढं सरकत होता.

तेव्हा माझी भाची आली होती, शेतकी कॉलेजात शिकलेली. तिनं मान टाकलेल्या झाडाचं खोड बुडाशी कापलं आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात तो तुकडा अर्धा बुडवून धरला. मिनिटभरात खोडातून दुधासारखी बारीक धार पाण्यात उतरायला लागली. "मामी, ही बुरशी नाही," ती म्हणाली. "जिवाणूंची मर आहे. बुरशीनाशकानं जायची नाही." मग तिनं विचारलं, याच्या आधी इथं काय होतं? आधी बटाटा होता, त्याच्या आधी टोमॅटो. बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची यांना जी जिवाणूंची मर लागते, त्याच जातकुळीतली ही. आम्ही ती मातीत आधीच सांभाळून ठेवलेली होती, आणि वर आल्याचं ताट वाढलं.

त्या दुपारची खंत मला अजून आहे. ग्लासभर पाणी आणि एक विळा, एवढंच लागत होतं. तीन आळवण्यांच्या आधी ते करायला हवं होतं. आता ज्याला ज्याला आल्याची मर दिसते त्याला मी पहिल्यांदा ग्लास आणायला सांगते.

तिसरं २०२४ चं, आणि ते सगळ्यात जास्त लागलं. २०२३ मध्ये आल्याचे भाव किती वर गेले होते ते तुम्ही पाहिलंय. पुढच्या हंगामात ज्याच्याकडे आडवं-तिडवं एक वाफ्याचं रान होतं त्यानंही आलं लावलं. आम्ही एकर लावलं. जमीन नवी होती, निचरा उत्तम होता, म्हणजे आधीच्या दोन्ही चुका आम्ही टाळल्या होत्या. बेणं मात्र कमी पडत होतं, महाग झालं होतं, आणि ट्रकमधून आलेलं, कुठल्या रानातलं ते माहीत नसलेलं दहा क्विंटल बेणं आम्ही उतरवून घेतलं. निवडताना काही गड्डे बोटानं दाबले तर मऊ लागत होते. मऊ तेवढा भाग कापून टाकला आणि उरलेला लावला. कापणाऱ्या हातांत माझाही हात होता.

पावसाळ्यात कूज आली. यावेळी मी वहीत रानाचा नकाशा काढला आणि जिथं झाड गेलं तिथं रोज फुली मारत गेले. आठ दिवसांनी वही बघितली आणि तिन्ही वर्षं एकदम समजली. २०१९ ला रोग खोलगट भागात सुरू झाला होता, म्हणजे दोष पाण्याचा. २०२१ ला एका टोकाला सुरू होऊन उतारानं सरकला, म्हणजे दोष जमिनीत होता. आणि २०२४ च्या पानावर फुल्या तीळ विखुरल्यासारख्या सगळीकडे होत्या. उंचावर, सखलात, कडेला, मध्ये. रोग कुठून आलाच नव्हता. आम्ही तो मे महिन्यात स्वतः नऊ-नऊ इंचांवर लावला होता.

आल्याला बी धरत नाही. फूल क्वचित येतं, पण त्यातून बी मिळत नाही. गड्ड्याचा तुकडा हेच बेणं. म्हणजे ज्या रानातनं बेणं आणता त्या रानाचं मागचं सगळं वर्ष तुम्ही पोत्यात भरून आणता. कूज उभ्या पिकात दिसायला लागल्यावर आपण जे करतो ती धावपळ असते. आल्याचा निकाल कोंब वर यायच्या आधीच बराचसा लागलेला असतो. यंदा माझी सगळी मेहनत लागवडीच्या आधीची आहे ती यासाठी.

जागा माळाकडची घेतलीय. मुरमाड, पोयटा मिसळलेली, पाणी धरून न ठेवणारी. तिथं वर्षानुवर्षं ज्वारी आणि घेवडा सोडून काही झालेलं नाही. आल्याचं पीक नाही, बटाटा-टोमॅटो नाही, आणि हळदही नाही. हळद आल्याचीच सख्खी बहीण, एकीची कूज दुसरीला चालते. म्हणून हळदीच्या मागं आलं घेऊ नये, हे सांगलीकडच्या मंडळींना मी कितीदा सांगितलंय. गेल्या पावसाळ्यात तिथं हिरवळीच्या खतासाठी ताग केला आणि फुलावर यायला लागल्यावर गाडला. वरच्या बांधाला चर काढली, शेजारच्या रानातलं पावसाचं पाणी माझ्या वाफ्यात उतरू नये म्हणून. कूज आणणाऱ्या पिथियम बुरशीचे बीजाणू पाण्यात चक्क पोहत जातात. दुसऱ्याच्या रानाचं पाणी आत घेणं म्हणजे त्याचा रोग घरात घेणं.

वाफे तयार झालेत. दीडशे फुटांचे सात. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरला. येणारे-जाणारे विचारतात, मल्चिंगचा काळा कागद का नाही? कारण काम वेगळं आहे. इथं ऊन कागदातून आत जाऊन मातीत अडकायला हवं. आधी वाफे चांगले भिजवून घेतले, कारण ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते, आणि कागदाच्या कडा मातीत गाडल्या. चाळीस-पंचेचाळीस दिवस असा कागद ठेवला की वरच्या थरातली रोगट बुरशी, तणाचं बी, मुळांना लागणारे बारीक सूत्रकृमी बरेच कमी होतात. एकराला हा कागद आमच्या ऐपतीत बसत नव्हता. पाच गुंठ्यांना बसला. "पाचच का" याचं एक उत्तर इथं आहे.

बेण्याचं काम मी ऑगस्टातच सुरू केलं. लोक फेब्रुवारीत बेणं शोधायला निघतात, तेव्हा सगळे गड्डे सारखेच दिसतात. पाला सुकून गेलेला असतो, झाड कसं होतं हे कोण सांगणार? रहिमतपूरच्या बाजूला आमच्या नात्यातल्या एका दादांचं माहीम जातीच्या आल्याचं रान आहे. ऑगस्टात गेले, ऑक्टोबरात गेले, डिसेंबरात पाला पिवळा पडायला लागल्यावर पुन्हा गेले. एकही झाड मान टाकलेलं नाही असे तीन वाफे ठरवले आणि दादांना म्हटलं, एवढ्यातलंच द्या. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट वहिनींना म्हणाले, हिला चहा कर, ही खरी बघून घेणारी आहे.

ते बेणं आता त्यांच्याकडेच आंब्याच्या सावलीत अढी लावून ठेवलंय. फुगलेल्या डोळ्यांचे, चाळीस ग्रॅमच्या आसपासचे तुकडे करायचे. माझ्या वाफ्यांवर दोन ओळींत नऊ इंचांवर सुमारे २,८०० तुकडे बसतात, म्हणजे ११२ किलो. निवडीत फेकून द्यायचं धरून मी १५० किलो सांगितलंय. फेकायला जास्तीचं जवळ असलं की हात कचरत नाही. २०२४ ला आम्ही मऊ भाग कापून उरलेलं लावलं ते मन वाईट म्हणून नव्हे, दुसरं बेणंच नव्हतं म्हणून. यंदा एक डोळा जरी मऊ लागला तरी अख्खा गड्डा बाजूला. मग मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, लिटरला तीन ग्रॅम, अर्धा तास बुडवून सावलीत सुकवायचं. रोगाच्या बुरशीला आवरणारी ट्रायकोडर्मा त्याच द्रावणात घालायची नाही. ती स्वतः बुरशीच आहे, बुरशीनाशकात मरू शकते. ती कुजलेल्या शेणखतात मिसळून, गोणपाटाखाली ओलसर ठेवून, वाढवून वाफ्यात द्यायची.

खतांबद्दल फार सांगत नाही. माती तपासून जे येईल ते. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच, नाहीतर मुळं खाणारी हुमणीची अळी आपण हातानं आणून घालतो.

पाण्याबद्दल सांगायला हवं, कारण तिथं सवय आड येते. रान भिजलेलं दिसलं की आपलं मन भरतं. आमच्या ह्यांना अजून ठिबक बंद करवत नाही. पण आल्याला वाफसा लागतो, ओल आणि हवा दोन्ही. मुठीत माती धरायची, गोळा व्हावा पण बोटांतनं पाणी येऊ नये. लागवडीनंतर वाफ्यांवर उसाचं पाचट अंथरणार आहे. उन्हाळ्यात ओल टिकते आणि पावसाचे थेंब माती पानांवर उडवत नाहीत. मोठी उटाळणी, म्हणजे उभ्या पिकात माती खणून हलवणं, करणार नाही, नुसती बुडाशी मातीची भर लावणार. हा माझा स्वतःचा निर्णय आहे, आमच्याकडचे जुने लोक मान हलवतात. पण खुरपं-कुदळीनं मूळ तुटलं की रोगाला दार उघडतं, आणि मला ते दार यंदा बंद ठेवायचंय.

आता राहिलं पाच गुंठ्यांचं खरं कारण. एक एकर रान मी रोज झाडाझाडानं बघू शकत नाही. पाच गुंठे बघू शकते. सकाळी पाऊण तासात सातही वाफे पायाखालून जातात. एक झाड वळलेलं दिसलं की तिथं लाल चिंधीची काठी, तिथलं ठिबकचं छिद्र बंद, ग्लासात खोड बघायचं, आणि मातीसकट झाड उचलून रानाबाहेर जाळायचं. ओढ्यात टाकायचं नाही. आमच्या गावात सगळ्यांनी सडका माल ओढ्यात टाकला आणि खालच्यांनी त्याच ओढ्यावर मोटर लावल्या, हे मी रागानं नाही, फार दुःखानं लिहितेय.

पीक नीट आलं तर दोन गाड्या माल निघेल असा माझा अंदाज आहे. त्या विकायची मला घाई नाही. त्यातलं सगळ्यात निरोगी चार-पाच क्विंटल मी पुढच्या वर्षीच्या अर्ध्या एकरासाठी बेणं म्हणून राखणार आहे. कुठल्या वाफ्यातलं, कुठल्या ओळीतलं हे मला माहीत असलेलं बेणं. मुलगा म्हणतो, आई, भाव असेल तेव्हा एकरभर लावायला हवं. भाव काय असेल ते मला सांगता येत नाही, त्यालाही येत नाही. कुठल्या गड्ड्यातनं काय उगवणार हे मात्र मला सांगता यायला हवं.

काल संध्याकाळी बघितलं तर चौथ्या वाफ्यावरनं कुत्रं चालून गेलंय, कागदाला तीन ठिकाणी भोकं पडलीत आणि तेवढ्यापुरता आतला घाम सुकलाय. चिकटपट्टी घरात आहे. उद्या ऊन चढायच्या आत चिकटवून येते, आणि वाफ्याच्या डोक्याला बोरीच्या फांद्याही लावते. अजून अठरा दिवस कागद राहायचाय.