पंजाब मेल संपते त्याच्या पुढे

पंजाबची सीमा म्हटलं की मुंबईकर अटारीला जातो. सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग, कुल्चे, लस्सी आणि दुपारनंतर अटारीचं संचलन, हा सगळ्यांचा ठरलेला बेत. तो करावाच. पण मुंबईहून गाडी घेऊन काश्मीरच्या दिशेने निघणाऱ्यांना, त्यातही मराठी माणसांना, माझं कळकळीचं सांगणं आहे: वाट थोडी वाकडी करून फिरोजपूरवरून जा आणि तिथून सतलजच्या काठी हुसैनीवालाला जाऊन या.

आमच्या वाटेत हे ठिकाण आलं ते माझ्या सासऱ्यांमुळे. बाबांनी सगळी नोकरी मध्य रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये काढली. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे डबे तिथे मोठ्या दुरुस्तीला येतात. पंजाब मेलचे किती डबे त्यांच्या हाताखालून गेले असतील! पण त्या गाडीत बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत जाणं कधी जमलं नव्हतं. आम्ही नकाशा पसरून श्रीनगरपर्यंतचा रस्ता ठरवत होतो, तेव्हा त्यांनी फिरोजपूरवर बोट ठेवलं. "इथून जाऊया का गं? आपली गाडी कुठे जाऊन थांबते ते एकदा बघायचंय."

ही गाडी १९१२ साली सुरू झाली. तेव्हा ती बॅलार्ड पिअरहून सुटायची आणि थेट पेशावरला जायची. विलायतेहून बोटीने आलेले साहेब धक्क्यावर उतरून तिच्यात बसत. १९१४ पासून ती व्हीटीहून सुटू लागली. फाळणी झाली, पुढचा मुलूख परका झाला, आणि ती फिरोजपूरला थांबायला लागली. आजही रोज संध्याकाळी सीएसएमटीहून सुटते आणि १९३० किलोमीटर जाते. दादर, ठाणे, कल्याणच्या फलाटांवर तिची उद्घोषणा ऐकत आपण मोठे झालो, पण ती जाते तिथे काय आहे हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

अहमदाबाद, उदयपूर, नागौर, बिकानेर हा रस्ता उत्तम आहे आणि त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, म्हणून मी तिथे थांबत नाही. खरी मजा सुरतगडच्या पुढे सुरू होते. दिवसभर वाळू, खेजडीची झाडं आणि उंट बघत आलेल्या डोळ्यांना एकदम गहू आणि फुललेली मोहरी दिसायला लागते. हे सगळं गंग कालव्याच्या पाण्यावर. विक्रम संवत १९५६ च्या भयंकर दुष्काळाला राजस्थानात 'छप्पनिया' म्हणतात. त्या दुष्काळात बिकानेर संस्थानाची दैना झाली. तरुण महाराजा गंगासिंहांनी सतलजचं पाणी वाळवंटात आणायचं मनावर घेतलं, आणि १९२७ साली कालवा सुरू झाला. श्रीगंगानगर हे गाव वसलं ते त्यानंतर. कालव्याचं मुख कुठे आहे, तर हुसैनीवालाच्या हेडवर्क्सवर, म्हणजे नदीचं पाणी अडवून कालव्यात वळवणाऱ्या बंधाऱ्यावर. म्हणजे गंगानगरपासून आम्ही निघालो ते पाणी जिथून येतं त्या दिशेला.

अबोहरमध्ये किन्नूच्या बागा सुरू झाल्या. रस्त्याकडेला किन्नूचे ढीग आणि रस काढायची यंत्रं. आमच्याकडच्या संत्र्याहून साल घट्ट, रस भरपूर. फाजिल्कापासून रस्ता सीमेच्या जवळून जातो. मध्येच एखादी लष्करी चौकी, कालव्यावरचा पूल, पुन्हा गहू.

फिरोजपूर छावणीचं गाव आहे. रुंद रस्ते, जुनी झाडं, जागोजागी लष्कराच्या पाट्या. वायव्य सरहद्दीवरच्या सारागढी चौकीतल्या २१ शीख सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेला गुरुद्वारा इथेच आहे. १२ सप्टेंबर १८९७ ला ते शेवटच्या माणसापर्यंत लढले. आम्ही सकाळी तिथे डोकं टेकलं, पण त्याआधी पहाटे बाबांना घेऊन स्टेशनवर गेलो होतो, त्याबद्दल लिहायलाच हवं.

थंडी कडाक्याची होती. बाबा माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर अशा जय्यत तयारीने फलाटावर उभे. पंजाब मेल आली. रात्रभर झोपलेली माणसं बोचकी सावरत उतरली. गर्दी ओसरल्यावर बाबा डब्यांच्या कडेने चालू लागले. डब्याच्या टोकाला त्याची शेवटची मोठी दुरुस्ती कुठे आणि कधी झाली ते रंगवलेलं असतं. बाबा प्रत्येक डब्याशी वाकून ते वाचत होते. एकाशी थांबले आणि त्यांनी आम्हाला हाक मारली. "हे बघा. माटुंगा." बस्स, एवढंच. मग बराच वेळ ते माझ्या नवऱ्याला डब्याखालच्या एकेका भागाबद्दल सांगत राहिले. नोकरीत असतानासुद्धा त्यांना इतकं भरभरून बोलताना मी पाहिलं नव्हतं.

दुपारी हुसैनीवालाला निघालो. फिरोजपूरपासून हे अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर. सतलज ओलांडायला आता पक्का पूल आहे, २०१८ साली खुला झालेला. जुना पूल १९७१ च्या युद्धात उडवून दिला होता, शत्रूचे रणगाडे फिरोजपूरकडे येऊ नयेत म्हणून. मधली कितीतरी वर्षं लोखंडी सांगाड्याच्या लष्करी पुलावरून ये-जा चालली. जुन्या रेल्वे पुलाचं विटांचं प्रवेशद्वार अजून उभं आहे. किल्ल्याच्या बुरुजासारखं भक्कम, आणि विटांवर तोफगोळ्यांच्या, गोळ्यांच्या खुणा. ते बघूनच पुढे जावं.

पुढे स्मारक आहे. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव या तिघांची समाधी.

२३ मार्च १९३१ ला लाहोरच्या तुरुंगात तिघांना फाशी दिलं. तारीख दुसऱ्या दिवशीची होती, पण लोक जमतील या भीतीने सरकारने आदल्या संध्याकाळीच उरकलं. देह घरच्यांना दिले नाहीत. रात्री गुपचूप इथे, सतलजच्या काठी आणून जाळले आणि उरलेलं नदीत टाकलं. फाळणीत ही जागा पाकिस्तानात गेली. १७ जानेवारी १९६१ ला भारताने ती परत मिळवली. तिच्या बदल्यात सुलेमानकी हेडवर्क्सजवळची १२ गावं दिली. जमीन मोजणाऱ्याला हा व्यवहार तोट्याचा वाटेल. समाधीसमोर उभं राहिल्यावर मला तो आपल्या देशाने केलेल्या सर्वांत शहाण्या व्यवहारांपैकी एक वाटला. १९६८ ला स्मारक झालं, १९७१ ला हा टापू पुन्हा पाकिस्तानी फौजेच्या ताब्यात गेला, स्मारकाची नासधूस झाली, आणि १९७३ ला ते नव्याने उभं राहिलं.

शिवराम हरी राजगुरू खेडचे. भीमेच्या काठी त्यांचा वाडा आहे. पुणे-नाशिक रस्त्याने आपण राजगुरुनगर म्हणून ज्या गावातून जातो, वाहतुकीला कंटाळून जिथून कधी एकदा सुटतो असं होतं, तेच ते. तिथला मुलगा संस्कृत शिकायला काशीला गेला, तिथे क्रांतिकारकांना भेटला, लाहोरला साँडर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्यावर पहिली गोळी झाडली, पुण्यात पकडला गेला आणि बावीस वर्षांचा असताना इथे राख झाला. शाळेत आपण तीन नावं एका दमात म्हणतो आणि मधलं नाव आपल्या घराजवळचं आहे हे विसरतो. बाबांनी समाधीवर झेंडूची फुलं वाहिली आणि हात जोडून बराच वेळ उभे राहिले.

बाजूलाच बटुकेश्वर दत्तांची समाधी आहे. भगतसिंगांबरोबर दिल्लीच्या असेंब्लीत त्यांनी बॉम्ब टाकला होता. त्यांना जन्मठेप झाली, अंदमान भोगून ते सुटले, आणि स्वातंत्र्यानंतर जवळजवळ अडगळीत जगले. १९६५ मध्ये दिल्लीत वारले. मित्रांशेजारी जाळा, ही त्यांची शेवटची इच्छा. भगतसिंगांच्या आई विद्यावतींवरही १९७५ मध्ये इथेच अंत्यसंस्कार झाले. मला त्या समाधीपाशी भरून आलं. लेकाचा देहसुद्धा हाती न मिळालेली आई चव्वेचाळीस वर्षांनी त्याच्या जागी आली होती.

बाहेर एका सरदारजींच्या टपरीवर चहा घेतला. आम्ही मुंबईचे म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "राजगुरू जी दे इलाके तों आए हो?" बाबांनी हो म्हटल्यावर त्यांनी आपली खुर्ची त्यांना दिली. या भागात राजगुरू हे नाव परकं नाही. २३ मार्चला इथे मोठा मेळा भरतो, गावोगावचे लोक पिवळ्या पगड्या, पिवळ्या ओढण्या घालून येतात, लंगर लागतात. सरदारजींची शेती कुंपणाच्या पलीकडे होती. काटेरी कुंपण प्रत्यक्ष सीमारेषेच्या आत, आपल्या बाजूला आहे. मधली जमीन आपली, पण तिथे जायला फाटकावर नोंद करावी लागते. ठरलेल्या वेळात जायचं, ठरलेल्या वेळात परतायचं, सोबत सीमा सुरक्षा दलाचे जवान. उंच वाढणारं पीक घेता येत नाही. रात्री पाणी द्यायचं तर सोडूनच द्या. जवळच कालूवाला नावाचं गाव आहे. त्याच्या तीन बाजूंना सतलज आणि चौथीला पाकिस्तान. नदी फुगली की हे लोक घरदार सोडून बाहेर पडतात आणि ओसरली की परत जातात. सीमेबद्दल आपण मुंबईत बसून आवेशाने बोलतो, तेव्हा त्या वाक्यांमध्ये ही माणसं कुठेच नसतात, याचं मला वाईट वाटलं.

संध्याकाळी संचलन पाहिलं. अटारीच्या मानाने फारच लहान जागा. तिकडचे प्रेक्षक इतके जवळ बसतात की चेहरे दिसतात. बुटांचे आवाज, घोषणा, मग दोन्ही झेंडे एकाच वेळी सावकाश खाली. पलीकडचं गाव गंडासिंहवाला, आणि हाच रस्ता पुढे कसूरला जातो. कसूर म्हणजे सूफी कवी बुल्लेशाहचा दर्गा. मुंबईच्या सिनेमात गाजून १९४७ ला तिकडे गेलेल्या नूरजहाँचं गाव. आणि बडे गुलाम अली खाँसाहेबांचंही. खाँसाहेब फाळणीनंतर तिकडेच होते, पण करमेना म्हणून परत आले. मोरारजी देसाईंच्या मदतीने १९५७ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळालं आणि ते आपल्या मलबार हिलवर राहिले. बाबांकडे त्यांच्या ठुमऱ्यांच्या कॅसेट आहेत. कसूर एवढं जवळ आहे हे कळल्यावर ते त्या रस्त्याकडे बघत राहिले.

जाणाऱ्यांसाठी थोडं. आधार कार्ड जवळ ठेवा. संचलनाची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, आणि दोन देशांचे संबंध बिघडले की त्याचं स्वरूपही बदलतं, म्हणून फिरोजपूरला आधी चौकशी करा आणि तासभर लवकर पोहोचा. स्मारकासाठी वेगळा वेळ ठेवा. संचलनाच्या घाईत ते उरकू नका. पुढे अमृतसरला जाताना हरिकेवरून जा. तिथे सतलज आणि बियासचा संगम आहे आणि हिवाळ्यात पाणथळीत परदेशी पक्षी उतरतात. २३ मार्चला फिरोजपूर छावणीहून हुसैनीवालासाठी खास गाड्या सोडल्या जातात. एरवी त्या फाट्यावर प्रवासी गाडी नसते, आणि रूळ हुसैनीवालाला संपतात. मेळ्याला जायचं असेल तर मुंबईहून २१ तारखेची पंजाब मेल पकडा, ती २३ च्या पहाटे पोहोचवते. पुढच्या वर्षीसाठी बाबांनी खालचा बर्थ हवा म्हणून आत्तापासून सांगून ठेवलंय.