न थांबणाऱ्या मॅक्रोची बेरीज

मंगळवार, रात्री

आमच्या पतसंस्थेचे एकत्रित वार्षिक पत्रक एक्सेलमधला एक जुना मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, तयार करतो. आज त्याची एकूण रक्कम खतावणीशी जुळेना, आणि मॅक्रो मात्र एकही संदेश न दाखवता शेवटपर्यंत चालत होता. एरर दाखवून थांबणारा मॅक्रो मला कधीच त्रासदायक वाटत नाही, कारण क्रमांक आणि ओळ दोन्ही हाती देऊन तो निम्मे काम करून ठेवतो. मुकाट्याने चुकीची बेरीज देणारा मॅक्रो मात्र फार धोक्याचा, कारण त्या आकड्याखाली पुढे कोणाची तरी सही होते.

फाइलची प्रत घेऊन कोड उघडला, तर अगदी वर ‘ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट’ ही ओळ होती. चूक झाली तरी पुढच्या ओळीवर जा, एवढाच तिचा अर्थ. एखादी शीट अस्तित्वात आहे का, हे तपासण्यापुरती ती वापरावी आणि लगेच ‘ऑन एरर गो टू झीरो’ लिहून तिचा अंमल संपवावा, असे माझे ठाम मत आहे. इथे तो अंमल संपूर्ण मॅक्रोवर होता. ती ओळ काढून मॅक्रो पुन्हा चालवला आणि रन-टाइम एरर ९ समोर आली : सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज, म्हणजे मागितलेली गोष्ट यादीत नाही.

डीबग दाबल्यावर पिवळ्या झालेल्या ओळीत शीटच्या नावाच्या जागी पाच प्रश्नचिन्हे होती. यंदा कोणीतरी शीटचे इंग्रजी नाव बदलून ‘वसुली’ केले आणि कोडमध्येही तेच लिहिले. पण मॅक्रोचा एडिटर युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची अक्षरसंकेत पद्धत, जाणत नाही, त्यामुळे व, स, उकार, ल आणि ईकार या प्रत्येकाचे एकेक प्रश्नचिन्ह झाले. प्रश्नचिन्ह तर शीटच्या नावात चालतच नाही, म्हणजे ती शीट सापडणे शक्यच नव्हते. आणि शोध फसला तरी व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मूल्य साठवणाऱ्या नावात, आधीच्या शीटचा संदर्भ तसाच राहत असल्यामुळे ठेवींचे आकडे दुसऱ्यांदा मोजले जात होते. नाव पुन्हा इंग्रजी करा, असा सल्ला यावर सहज मिळेल, पण तो मला पटत नाही. आपल्या संस्थेच्या पत्रकात ‘वसुली’च असावे, जुळवून घ्यायचे ते कोडने. शीट त्याच फाइलमध्ये असल्याने टॅबवरच्या नावाऐवजी तिचे कोडनेम, म्हणजे मॅक्रोच्या एडिटरमधले तिचे वेगळे नाव, वापरले. टॅबचे नाव कितीही बदलले तरी ते बदलत नाही.

त्यानंतर एरर ६, ओव्हरफ्लो. पिग्मीच्या रोजच्या नोंदींमुळे एकत्रित यादी मोठी होते आणि ओळी मोजणारे व्हेरिएबल इंटिजर या लहान पूर्णांकाच्या प्रकारचे होते, ज्याची मर्यादा ३२,७६७ आहे. एक्सेल ९७ ते २००३ च्या शीटमध्येही ६५,५३६ ओळी होत्या आणि २००७ पासून १०,४८,५७६ आहेत, म्हणजे ओळींसाठी इंटिजर तेव्हाही अपुरेच होते. संदेश दाबून टाकल्यामुळे मोजणी ३२,७६७ वर अडकत होती आणि पुढची प्रत्येक नोंद त्याच ओळीवर आधीची पुसून लिहिली जात होती. व्हेरिएबल लाँग या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारचे केले आणि हा प्रश्न सुटला. शेवटी एका सेलमधल्या फसलेल्या व्हीलुकअपमुळे, म्हणजे यादीतून जुळणारे मूल्य शोधून आणणाऱ्या सूत्रामुळे, एरर १३, टाइप मिसमॅच (मूल्याचा प्रकार जुळत नाही), आली. तिथे मूल्य वापरण्याआधी इझएररची, म्हणजे सेलमध्ये एरर आहे का याची, तपासणी घातली आणि त्या खातेदाराचा क्रमांक मूळ नोंदीवरून दुरुस्त केला.

बेरीज आता खतावणीशी जुळते. तरीही गेल्या वर्षीचे पत्रक याच मॅक्रोने केलेले आहे. तेव्हा शीटचे नाव बदललेले नव्हते, पण नोंदी ३२,७६७ च्या पुढे गेल्या होत्या का, हे उद्या सकाळी पाहायचे आहे, आणि गेल्या असतील तर फरकाची रक्कम काढून व्यवस्थापकांना लेखी कळवायची आहे.