गिटार ॲम्प्लिफायरच्या कॅबिनेटला कॉर्नर बसवताना : फोंड्याहून कामाची नोंद

बारा इंची एका स्पीकरसाठी घरी बांधायला घेतलेल्या कॅबिनेटचे सुतारकाम आणि रेक्झिन चढवण्याचे काम पूर्ण झाले असून, आता आठही कोपऱ्यांवर निकेलचा मुलामा दिलेले पोलादी कॉर्नर बसले आहेत. पेटी 18 मि.मी. जाडीच्या, आयएस 710 प्रतीच्या मरीन प्लायची आहे आणि तिच्या कडांची गोलाई 12.7 मि.मी. त्रिज्येची, म्हणजे अर्ध्या इंचाची आहे. कॉर्नर सर्वांत शेवटी लावले जातात, पण त्यांची निवड सर्वांत आधी व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. कॉर्नर हातात आल्याशिवाय कडांवर राउटर (फिरत्या पात्याने लाकडाच्या कडा गोल करणारे यंत्र) फिरवू नये, कारण लाकूड हवे तसे घासता येते, साच्यात दाबून घडवलेल्या पत्र्याचा बाक मात्र बदलता येत नाही.

म्हापसा आणि मडगावच्या हार्डवेअरच्या दुकानांत जे कॉर्नर सहज मिळतात, ते बहुधा ट्रंकेचे किंवा वाद्यांच्या प्रवासी पेट्यांचे असतात. ट्रंकेचा कॉर्नर धारदार कडेसाठी घडवलेला असतो, तर प्रवासी पेटीचा गोळ्यासारखा कॉर्नर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर रिव्हेटने ठोकायचा असतो. गोल कडेच्या कॅबिनेटवर दोन्ही नीट बसत नाहीत. फेंडरच्या काळ्या ॲम्पवर दिसतात तशा धातूच्या कॉर्नरांचा आतला बाक गोल असतो, म्हणून मी तेच मागवले. मार्शलसारखे काळे प्लॅस्टिकचे कॉर्नर गंजत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे. परंतु जत्रेला किंवा फेस्ताला टेंपोतून सामान उतरवताना पेटी कोपऱ्यावरच आपटते, आणि तो मार झेलायला मला पोलाद अधिक भरवशाचे वाटते.

मापाचा हिशेब करताना रेक्झिनची जाडी विसरून चालत नाही. माझे रेक्झिन 0.8 मि.मी. जाडीचे आहे, त्यामुळे 12.7 मि.मी.ची कड रेक्झिन चढल्यावर 13.5 मि.मी.ची होते आणि कॉर्नरच्या आतला बाक त्या मापाचा लागतो. कोपऱ्यावर रेक्झिनची घडी एकावर एक आली, तर तेवढ्या जागी जाडी दुप्पट होऊन कॉर्नर एका बाजूने उचलला जातो. म्हणून घडीचे दोन्ही पदर एकत्र कापून त्यांच्या कडा समोरासमोर भिडवल्या. हा सांधा पुढे कॉर्नरखाली झाकला जातो. दमट हवेत 998, म्हणजे रेक्झिन चिकटवण्याचा द्रावकयुक्त गोंद, वापरताना द्रावक उडून पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर हवेतले बाष्प धरते, त्यामुळे चिकटवण कच्ची राहते. पावसाळ्यात हे काम पंख्याखाली आणि कोरड्या दुपारीच करावे.

कोपऱ्याचा गोल घडवताना कोणती कड आधी आणि कोणती नंतर, याला फार महत्त्व आहे. तीन कडा पट्टी लावून स्वतंत्रपणे, सरळ रेषेत गोल केल्या, तर त्या जिथे मिळतात तिथे गोळा तयार होत नाही; एक बोथट टोक शिल्लक राहते. भूमितीने पाहिले तर हे टोक त्रिज्येच्या सुमारे 22 टक्के, म्हणजे 12.7 मि.मी. त्रिज्येवर जवळजवळ 2.8 मि.मी. बाहेर असते, आणि कॉर्नर नेमका त्याच टोकावर टेकून डुगडुगतो. उलट, पुढून मागे जाणाऱ्या चार कडा आधी गोल केल्या आणि मग बेअरिंगचे पाते (लाकडाला टेकून फिरणारी छोटी चकती असलेले राउटरचे पाते) पुढच्या चौकटीभोवती न थांबता फिरवले, तर बेअरिंग त्या गोल झालेल्या कडेवरून वळते आणि कोपऱ्याला खरा गोळा येतो. मागच्या चौकटीलाही हाच क्रम लागतो. राउटरचा तळ 18 मि.मी.च्या अरुंद कडेवर डगमगू नये म्हणून चौकटीच्या आत त्याच पातळीवर एक फळी शिकंजाने घट्ट बसवली होती. आमच्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, कॉर्नर कोरडाच ठेवून अंगठ्याने दाबून पाहायला सांगितले: कुठेही डुगडुग नसेल आणि कडेखाली कागद शिरत नसेल, तरच स्क्रूकडे वळायचे. ही कसोटी मी कायमची स्वीकारली आहे.

स्क्रू 6 नंबरचे, 16 मि.मी. लांबीचे घेतले. कॉर्नरच्या तिन्ही बाजूंना एकेक भोक असते आणि तिन्ही स्क्रू आत एकाच जागेकडे जातात, त्यामुळे लांब स्क्रू एकमेकांना अडण्याची शक्यता असते. ड्रिलचे पाते रेक्झिनला थेट लावले तर ते कापडाचे धागे गुंडाळून ओढते, म्हणून आधी आरीने टोचून मग 2.5 मि.मी.चे भोक पाडले. पुढच्या बाजूचा स्क्रू प्लायच्या थरांमध्ये शिरतो आणि तेथे भोक न पाडता स्क्रू पिळला तर थर फाटतात. तिन्ही स्क्रू आधी सैल लावून, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळले, आणि तेही हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने, कारण यंत्राने आवळताना डोक्याखालचा मुलामा खरवडला जातो.

हा खरवडलेला भाग गोव्यात विशेष घातक ठरतो. येथे वर्षाला सरासरी 3,000 मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो, आणि किनाऱ्यावरच्या कार्यक्रमांत खारी हवा वेगळीच. निकेलच्या मुलाम्याला सूक्ष्म छिद्रे असतात आणि तो तुटला की खालचे पोलाद गंजू लागते. शिवाय कॉर्नर आणि रेक्झिन यांच्या फटीत अडकलेला ओलावा लवकर सुकत नाही. म्हणून बसवण्यापूर्वी कॉर्नरच्या आतल्या अंगाला पारदर्शक लॅकरचे दोन हात दिले आणि स्क्रू 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले, कारण त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे खाऱ्या हवेत ते 304 पेक्षा अधिक टिकतात. स्क्रूच्या आट्यांना मेण लावले. साबण ओलावा ओढतो, म्हणून टाळला.

शेवटी स्पीकर जोडून जाड ई तारेवर, म्हणजे 82 हर्ट्झच्या आसपास, मोठ्या आवाजात वाजवले आणि प्रत्येक कॉर्नरवर बोट ठेवून पाहिले. मागचा डावा कॉर्नर किंचित झणझणत होता. तो काढून आतल्या बाजूला सिलिकॉनचा पातळ थर दिला आणि सुकू देऊन पुन्हा बसवला, झणझण थांबली. पुढचे काम हँडल आणि तळाच्या रबरी पायांचे आहे.